फायलीतली आत्या

त्या कचेरीत एक नेम फार श्रद्धेने पाळला जात असे. चाचणी नापास झाली की अट सैल करायची.

बाहेरच्या माणसाला हे जरा उलगडून सांगायला हवं. कचेरी मोबाईलवर चालणारी अ‍ॅप बनवायची. बनवलेलं अ‍ॅप लोकांच्या हाती देण्याआधी ते निरनिराळ्या फोनांवर चालतं की नाही हे बघावं लागतं. पण जगात फोन तरी किती आणि ते वापरणाऱ्या माणसांच्या तऱ्हा तरी किती. सगळे कुठून गोळा करणार? म्हणून फायली लिहायच्या. फायलीत काय, तर नुसत्या अटी. बॅटरी इतकी उरली आहे, नेटवर्क असं आहे, मोकळी जागा एवढी आहे, घड्याळ अमुक वाजल्याचं सांगतंय. ही फाईल संगणकाला दिली की तो मुकाट्याने तसल्या फोनाचं सोंग घेतो आणि त्या सोंगावर अ‍ॅप चालवून बघता येतं. चाललं तर भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर हिरवी ओळ उमटते, नाही चाललं तर तांबडी.

आता तांबडी ओळ आली तर अ‍ॅप दुरुस्त करावं, असं तुम्हाआम्हाला वाटेल. पण अ‍ॅप दुरुस्त करायचं म्हणजे जावईबापूंना सांगावं लागे.

जावईबापू म्हणजे मुख्य प्रोग्रामर. कुणाचे जावई होते कोण जाणे, पण कचेरीने त्यांना तसंच वागवलं होतं. त्यांच्याकडे काही काम घेऊन जायचं तर आधी चहा, मग हवापाणी, मग नवी खुर्ची पाठीला बरी आहे ना याची चौकशी, आणि मग कुठे विषय. तोही अशा बेताने, की चूक संगणकाचीच आहे, आपण फक्त एकवार कृपादृष्टी टाकावी. एवढं करूनही ते रुसले तर दोन दोन दिवस कानावरचे हेडफोन काढत नसत. त्यापेक्षा फायलीतला एक आकडा बदलणं कितीतरी सोपं. बॅटरी दहा टक्क्यांवर अ‍ॅप बंद पडतंय? मग बॅटरी चाळीस लिहा. नेटवर्क गेल्यावर अडकतंय? मग नेटवर्क जायलाच नको. असं करता करता त्या कचेरीतला सोंगाचा फोन जगातला सर्वांत सुखी फोन झाला होता. त्याची बॅटरी उतरत नसे, नेटवर्क त्याला सोडून जात नसे, आणि त्याला लागणारं बोट नेहमी कोरडं, तरुण आणि शांत असे.

विभागप्रमुखांना हे सगळं मनापासून आवडे. त्यांची पहिली नजर पडद्यावर जाई, मग माणसांवर. पडदा हिरवा असला की ते सगळ्यांना नावाने हाक मारत, नसला की आडनावाने. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना हिरवेसाहेब म्हणत.

आणि फायली लिहिण्याचं काम ताईचं. ती वयाने थोडी मोठी म्हणून अख्ख्या कचेरीची ताई. बोलायची इतकी हळू, की ऐकण्यासाठी समोरच्याला आपलं बोलणं थांबवावं लागे, आणि ते कुणी थांबवत नसे. सांगतील तशा अटी ती सैल करून द्यायची. इतकी वर्षं तो फोन कुणाचाच नव्हता. सोंगच ते. त्याच्या बाबतीत पाप कसलं लागणार, असं ती स्वतःला समजवायची.

मग आत्या न्हाणीघरात पडली.

आत्या म्हणजे ताईच्या वडिलांची बहीण, जिने आईच्या माघारी ताईला लहानाची मोठी केली. दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. पडली ती सकाळी, आणि दुपारी शेजारीण वाळत घातलेले कपडे काढायला आली तेव्हा तिला आतून कण्हणं ऐकू आलं. हाड मोडलं नव्हतं, पण आत्याचा मुलगा, ज्याला ताई दादा म्हणायची, त्याने दूरच्या शहरातून फोनवरच निकाल दिला. आईने आता एकटीने राहायचं नाही. घर बंद करायचं, आपल्याकडे यायचं.

“मी मेले तरी यायची नाही,” आत्या म्हणाली.

“मेल्यावर कोण नेतंय? जिवंत आहेस तोवरच नेणार,” दादा म्हणाला.

आत्याला त्याच्याकडचं काही वाईट नव्हतं. दादा कामावरून रात्री उशिरा घरी यायचा, पण सून चांगली होती, नातवंडं जीव लावायची. पण तिथे तिचं शिवणयंत्र मावत नव्हतं आणि तिथे ती शेजारीण नव्हती. शेजारणीशी तिचं अकरा वर्षांपूर्वी भांडण झालं होतं, आणि न्हाणीघरातून बाहेर काढतानासुद्धा दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. तरी आत्या म्हणायची, “तिच्याशी मी बोलत नाही, पण तिच्यावाचून मला करमत नाही. दादाच्या मजल्यावर भांडायला कुणी ओळखीचंसुद्धा नाही.”

शेवटी ताईने मधला मार्ग काढला. तिच्याच कचेरीत तेव्हा मदतीचं अ‍ॅप तयार होत होतं. एकट्या माणसाने एक मोठं तांबडं बटण दाबायचं, की घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या फोनवर हाक जाते. दादाने ऐकून घेतलं आणि अट घातली. “आईच्या स्वतःच्या फोनवर, आईच्या स्वतःच्या हाताने ते चाललं पाहिजे. चाललं असं तू शब्दाने सांग, मी विश्वास ठेवीन. नाही चाललं तर मी गाडी घेऊन येतो.”

पुढच्या सुट्टीत ताई आत्याकडे जाऊन बसली आणि तिने तो फोन नीट पाहिला. काचेला तडा होता. बॅटरी बारा टक्के, कारण आत्याच्या मते सारखं चार्जिंग केलं की फोन लाडावतो. नातवंडांच्या फोटोंनी जागा काठोकाठ भरलेली, एकही फोटो पुसायची बंदी. फोन राहायचा स्वयंपाकघरात फडताळावर, जिथे खिडकी उघडी असली तर नेटवर्क यायचं आणि बंद केली की जायचं. घड्याळ मुद्दाम पंधरा मिनिटं पुढे. आणि बटण म्हटलं की आत्या ते दाराच्या घंटेसारखं दाबून धरायची, पलीकडे वाजलं याची खात्री पटेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी कचेरीत बसून ताईने हे सगळं जसंच्या तसं फायलीत लिहिलं. एक आकडाही इकडचा तिकडे केला नाही. फायलीला नाव दिलं ‘आत्या’. चाचणी चालवली, आणि भिंतीवर तांबडी ओळ उमटली. अर्ध्या तासात बैठक बसली.

“ही आत्या कोण?” हिरवेसाहेबांनी विचारलं.

“माझी आत्या.”

“म्हणजे खरी आहे?”

“हो. काल तिच्याकडेच जेवले.”

“तसं नाही हो. वापरकर्ता म्हणून खरी आहे का? बॅटरी नाही, जागा नाही, नेटवर्क येऊन जाऊन, वर घड्याळ चुकीचं. एका माणसाच्या वाट्याला इतकं सगळं एकदम येतं का कधी?”

“आत्याच्या आलंय,” ताई म्हणाली.

जावईबापूंनी एका कानावरचा हेडफोन सरकवला. हा मोठा मान होता. “घड्याळ पुढे का आहे पण?”

“उशीर होऊ नये म्हणून.”

“कशाला उशीर? त्या जातात कुठे?”

“कुठेच नाही.”

“मग कसं व्हायचं? पुढच्या वेळेची हाक आली तर आपला सर्व्हर ती घेत नाही. बरोबरच आहे. जी घटना अजून घडलेलीच नाही, तिला मदत कशी पाठवणार?”

ताईने हळूच विचारलं, “आणि जागा भरलेली असली तर का अडतं?”

“आधी नोंद, मग मदत,” जावईबापू म्हणाले. “हाक मारल्याची नोंद फोनमध्ये व्हायला हवी. नोंदीला जागा नसेल तर हाक पुढे जात नाही.”

“नोंद मागाहून केली तर?”

“मग नोंदीला अर्थ काय राहिला?”

“आणि बटण दाबून धरलं की?”

“की रंगांचा तक्ता उघडतो.” जावईबापूंच्या आवाजात पहिल्यांदाच माया आली. “बटणाचा रंग ज्याला जो आवडेल तो. अठरा छटा आहेत. मी स्वतः निवडल्यात.”

हिरवेसाहेबांनी टेबलावर दोन्ही हात ठेवले. “आपण असं करू. आत्याबाईंना थोडी मदत करू. बॅटरी साठ करा. घड्याळ बरोबर लावा, त्यात त्यांचंच हित आहे. फोटो थोडे पुसा. बोट उचला लवकर. आणि त्यांना स्वयंपाकघरातून बाहेर आणा, या वयात किती दिवस काम करायचं?”

सगळे हसले. टिपणात लिहिलं गेलं, की मूळ फायलीतला वापरकर्ता प्रत्यक्षात संभवत नाही.

आता खरं सांगायचं तर ताईला नाही म्हणता आलं असतं. ‘तपासले’ अशी तिची खूण पडल्याशिवाय अ‍ॅप बाहेर जात नसे. पण मनात एक लबाड विचार शिरला होता. पडदा तांबडा राहिला तर अ‍ॅप लांबणार, आणि लांबलं तर दादा गाडी घेऊन येणार. हिरवा झाला तर आत्या घरात राहील. ताईने एकेक आकडा बदलला. प्रत्येक आकड्यासरशी फायलीतली आत्या थोडी तरुण झाली. शेवटी ती खिडकीपाशी सावकाश बसलेली, भरल्या बॅटरीची, वक्तशीर, रिकाम्या हाताची कुणी बाई उरली, आणि भिंतीवर हिरवी ओळ आली. हिरवेसाहेबांनी ताईला नावाने हाक मारून चहा पाजला.

खूण करण्याआधी ते अ‍ॅप आत्याच्या फोनवर आपल्या हाताने घालायला ताई तिच्याकडे गेली. जागा करण्यापुरते दोन फोटो पुसायची परवानगी मागताना तिला शिवणाच्या कात्रीचा धाक दाखवला गेला, पण शेवटी अंधारात काढलेला एक फोटो गेला आणि अ‍ॅप बसलं. आत्याने हात पुसले न पुसले आणि बटण दाबून धरलं.

बराच वेळ गेला.

“अगं, हे रंग विचारतंय,” आत्या म्हणाली. “पडल्यावर कोणता बरा दिसतो?”

ताईने तो तक्ता मिटवला. पुन्हा दाबलं, या वेळी ताईने तिचं बोट धरून लगेच उचललं. फोनवर एक चाक फिरू लागलं आणि फिरतच राहिलं. मग अक्षरं आली, की वेळ जुळत नाही. खिडकी उघडली, खिडकी लावली. पुढच्या खेपेला जागा अपुरी. ताईचा स्वतःचा फोन, ज्यावर हाक यायची होती, तो मांडीवर गप्प पडून होता.

“माझ्या बोटातच काही खोट असेल,” आत्या म्हणाली.

“बोटात नाही गं. कचेरीत चाललं होतं. तिथे तुझ्या नावाची फाईल आहे, तिच्यावर चाललं.”

आत्याने थोडा विचार केला. “फायलीतल्या आत्याचं चाललं ना? मग तिला राहू दे इथे. मी जाते दादाकडे.”

ती हे कुचकटपणे बोलली असती तर ताईला सोपं गेलं असतं. पण ती साधेपणाने बोलली, जणू दोघींपैकी एकीलाच जागा आहे आणि दुसरी जास्त लायक निघाली. ताईची मान वर होईना.

तेवढ्यात दादाचाच फोन आला. त्याने ख्यालीखुशालीही विचारली नाही. “चाललं?”

आत्या ताईकडे बघत होती. एका होकाराचं काम होतं. दादा शब्दावर विश्वास ठेवणार होता, तसं त्याने म्हटलंच होतं.

“नाही चाललं,” ताई म्हणाली.

“मग पुढच्या रविवारी येतो,” दादा म्हणाला आणि फोन ठेवला.

आत्या उठून भांडी आवरायला लागली. जरा जास्तच आवाज करत. “एक दिवस खोटं बोलली असतीस तर देव काही रागावला नसता.”

“तो नसता रागावला,” ताई म्हणाली. “पण तू पडून राहिली असतीस, आणि मी हिरवी ओळ बघत बसले असते.”

ताई निघाली तेव्हा आत्याने रोजच्यासारखं ‘सांभाळून जा’ म्हटलं नाही, आणि ते न म्हणणं ताईला घरापर्यंत पुरलं.

सोमवारी ताईने फाईल उघडली आणि सगळे आकडे परत खरे केले. बॅटरी बारा. जागा शून्य. घड्याळ पुढे. बोट दाबून धरलेलं. भिंतीवर चाळीस हिरव्या ओळींच्या मधोमध एक तांबडी ओळ उभी राहिली. नेमका त्याच दिवशी कंपनीच्या मोठ्या बाई अ‍ॅप बघायला येणार होत्या.

“काढा ती फाईल,” हिरवेसाहेब म्हणाले. आज ते आडनावावर आले होते.

“काढा,” ताई म्हणाली. “पण मग ‘तपासले’ अशी खूण मी करणार नाही. ती तुम्ही करा.”

तिचा आवाज नेहमीइतकाच हळू होता, पण या वेळी हिरवेसाहेबांनी आपलं बोलणं थांबवलं होतं, त्यामुळे तो ऐकू आला. खूण करायची म्हणजे उद्या काही झालं तर नाव आपलं, हे त्यांना कळत होतं. त्यांनी फाईल काढली नाही. पडद्याच्या त्या भागासमोर एक उंच कुंडी आणून ठेवायला लावली.

मोठ्या बाई आल्या आणि त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते कुंडीबद्दल. “हे झाडाच्या मागे तांबडं काय आहे?”

“ती एक काल्पनिक वापरकर्ती आहे, बाई,” हिरवेसाहेब म्हणाले. “अगदी टोकाची. असं कुणी नसतं. आम्ही गंमत म्हणून ठेवलीय.”

“वाचा बघू, काय गंमत आहे ती.”

हिरवेसाहेब वाचू लागले. बॅटरी बारा टक्के. बाईंनी पर्स जवळ ओढली. जागा शिल्लक नाही, नातवंडांचे फोटो. बाईंनी चष्मा काढला. घड्याळ मुद्दाम पुढे, उशीर होऊ नये म्हणून. इथे त्यांनी हात वर करून वाचन थांबवलं.

“माझ्या फोनवर पाळत ठेवलीय का तुम्ही?”

हिरवेसाहेबांनी जावईबापूंकडे पाहिलं, जावईबापूंनी जमिनीकडे. बाईंनी आपला फोन काढला, त्यात अ‍ॅप घालायला लावलं आणि बटणावर बोट टेकवून जोर दिला, अगदी दाराची घंटा दाबावी तसा.

“मी जिन्यात पडलेय असं धरा,” त्या सावकाश म्हणाल्या, “आणि हे मला रंग विचारतंय?”

“अठरा छटा आहेत,” जावईबापू अगदी बारीक आवाजात म्हणाले.

त्या दुपारी टिपणात दुरुस्ती झाली. संभवत नाही म्हटलेली वापरकर्ती ही कंपनीची मुख्य वापरकर्ती असल्याचं त्यात एकमताने आलं. फायलीचं ‘आत्या’ हे नाव पुसून ‘मोठ्या बाई’ असं लिहिलं गेलं. आणि जावईबापूंनी दोन्ही कानांवरचे हेडफोन काढले. हे दृश्य बघायला दुसऱ्या मजल्यावरचे लोक खाली आले होते.

कामाला लागल्यावर जावईबापू वाईट नव्हते. रंगांचा तक्ता आत कुठेतरी गेला. आधी मदत आणि मग नोंद, हेही त्यांना विचारांती पटलं. पण त्यांनी सगळं बाईंच्या मापाने बेतलं होतं. बाईंचं घड्याळ दहा मिनिटं पुढे, तर दहाच मिनिटांची सूट. आत्याचं पंधरा. ताईने जपून ठेवलेली आत्याच्या आकड्यांची फाईल चालवली तर ओळ अजून तांबडीच.

आत्याच्या नावाने काही मागून उपयोग नाही, एवढं आता ताईला कळलं होतं. ती चहा न घेता, खुर्चीची चौकशी न करता जावईबापूंच्या टेबलापाशी उभी राहिली.

“बाईंचं घड्याळ आणखी पुढे गेलं तर?”

जावईबापू चमकले. त्यांनी सूट तासाभराची केली.

“आणि बाईंच्या स्वयंपाकघरात नेटवर्क नसलं तर?”

“बाई स्वयंपाकघरात जातात?”

“गेल्या तर?”

त्यांनी असं करून ठेवलं, की हाक अडली तर नेटवर्क येईपर्यंत अ‍ॅप पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहील, कंटाळणार नाही. ताई यात एक अक्षरही खोटं बोलली नाही. तिने फक्त ‘तर’ विचारला. शुक्रवारी दुपारी ओळ हिरवी झाली, एकही आकडा न बदलता, आणि ताईने त्यापुढे ‘तपासले’ अशी खूण केली.

रविवारी दादा गाडी घेऊन आला. ताई आधीच येऊन बसली होती. आत्याचं सामान बांधलेलं नव्हतं, पण नेसण्यातलं एक चांगलं पातळ घडी करून खुर्चीवर ठेवलेलं होतं. इतकी तिने तयारी दाखवली होती. दादा बाहेरच्या खोलीत बसला. नवं अ‍ॅप फोनवर होतं, बॅटरी अकरावर आली होती, आणि ताईने जाऊन स्वयंपाकघराची खिडकी स्वतःच्या हाताने लावली.

“दाब,” ती म्हणाली.

आत्याने दाबून धरलं. खात्री पटेपर्यंत. दादा समोरच्या भिंतीकडे बघत होता. काही झालं नाही. आत्याने बोट उचललं, फोन पालथा ठेवला आणि पदराला हात पुसून म्हणाली, “जाऊ दे. पातळ नेसते.”

ताईने खिडकी किलकिली केली. मग बाहेरच्या खोलीत दादाचा फोन वाजला, आणि त्याच वेळी भिंतीपलीकडे दुसरा. दार ढकलून शेजारीण आत आली, ओल्या हातांनी, धापा टाकत. आत्या धडधाकट उभी आहे हे तिने पाहिलं, दादाला ‘कधी आलास’ विचारलं, आणि आत्याशी एक शब्दही न बोलता निघून गेली.

आत्याचा चेहरा उजळला. “बघ. आली की नाही?”

दादा फोनकडे बघत राहिला. चाललं होतं. शब्द त्याचाच होता. तो उठला नाही, आणि आनंदही त्याला झालेला दिसेना.

“मी खोली रंगवून घेतली होती,” तो शेवटी म्हणाला. “न्हाणीघराला दांडे लावले. खिडकीपाशी आरामखुर्ची ठेवली. आता त्या खोलीचं काय करू?”

आत्याने खुर्चीवरचं पातळ उचललं आणि कपाटात ठेवायला निघाली.

“तू बस त्या आरामखुर्चीत,” ती म्हणाली. “कधी वेळेवर घरी आलास तर.”